यादीतली शेवटची वस्तू

जूनचा पहिला आठवडा. पावसाचा पत्ता नाही. जालन्यात दुपारचे दोन वाजलेत आणि डांबर चपलेला चिकटतंय. बियाण्यांच्या दुकानांपुढे रांगा लागल्यात. सरकीच्या पिशव्या काखेत धरून माणसं सावली शोधतायत. रसवंतीचे घुंगरू एका लयीत वाजतायत. लोखंडी सळ्या भरलेला एक ट्रॅक्टर चौकात अडकलाय आणि त्याच्यामागे हॉर्नचा गलका उठलाय.

मामा चौक मागे टाकून मी एका अरुंद गल्लीत शिरतो. इथे ऊन थोडं कमी, गर्दी तेवढीच. मोबाईलची कव्हरं, झेरॉक्स, लग्नाच्या अल्बमची दुकानं. ‘सातबारा, पीक विमा, पॅन कार्ड’ अशा पाट्या एकीवर एक टांगलेल्या. गल्लीच्या टोकाला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. दहा बाय बाराची खोली, पुढे काउंटर, मागे पडदा. कुलर घरघरतोय, पण हवा गरमच आहे. सोल्डरिंगचा उग्र वास नाकात जातो.

फरशीवर कॅबिनेट ओळीने मांडलेत. प्रत्येकावर चिकटपट्टी आणि तिच्यावर पेनाने गावाचं नाव. वडीगोद्री. परतूर. रांजणी. भोकरदन. काहींवर गावाखाली दोन शब्द जास्त आहेत: ‘चालू होत नाही’. काहींवर ‘आपोआप बंद’. एकावर फक्त ‘वास आला’.

काउंटरवर माझ्या पुढे चारपाच जण आहेत. फ्लेक्स छापणारा एक जण कॅबिनेट कडेवर घेऊन उभा आहे. सेवा केंद्र चालवणारी एक ताई दर दोन मिनिटांनी फोनवर ‘आज नाही होणार फॉर्म, उद्या या’ असं सांगतेय. बाकावर बदनापूरकडचे एक गृहस्थ बसलेत. डोक्यावर टोपी, पायाशी सरकीची पिशवी. शेजारी त्यांचा मुलगा, डिप्लोमाला असावा. तो मोबाईलवरची यादी पुन्हा पुन्हा वर-खाली करतोय.

त्यांचा नंबर येतो.

“भाऊ, पोरानं लिस्ट केलीय. बघा बरं, बसतंय का पैशात,” वडील म्हणतात.

दुकानदार चष्मा नाकावर घेतो आणि यादी वाचू लागतो. आय-5 12400 प्रोसेसर. 16 जीबी रॅम. आरटीएक्स 3060 ग्राफिक कार्ड. 500 जीबीची एनव्हीएमई. काचेचं कॅबिनेट, रंगीत दिव्यांचे पंखे चार. मुलगा गावातल्या लग्नांचं एडिटिंग करतो, मागणी नेमकी आहे. दुकानदार मान हलवत खाली येतो. शेवटच्या ओळीवर बोट थांबतं. ‘एसएमपीएस – 700.’

“हा आकडा कसा काढला, दादा?”

“बाकीचं लिहून झाल्यावर तेवढेच उरले,” मुलगा खरं सांगतो.

दुकानदार त्याला काही बोलत नाही. वडिलांकडे वळतो.

“काका, तुमच्याकडं शेतात डीपी केवढी?”

“त्रेसष्टची.”

“मोटारी किती चालतात तिच्यावर?”

“ते नका विचारू.”

“मग उन्हाळ्यात काय होतं?”

“जळते की. आणि जाताना दोनचार मोटारी घेऊन जाते.”

“एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरची डीपी, काका. जाताना एकटी जात नाही.”

वडील मुलाकडे बघतात. मुलगा यादीकडे.

दुकानदार रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा फाडतो आणि पेन काढतो. भिंतीतून 230 व्होल्ट आत येतात, तेही उलटसुलट धावणारे. प्रोसेसरला, डिस्कला, कार्डाला लागतो तो सरळ, ठरल्या मापाचा प्रवाह: 12 व्होल्ट, 5 व्होल्ट, 3.3 व्होल्ट. हे रूपांतर करणारी पेटी म्हणजे एसएमपीएस. यादीतला एकही भाग तिच्याशिवाय हलत नाही, आणि प्रत्येक भागाला तिची वायर जोडलेली असते.

पुठ्ठ्यावर आकडे उतरतात. हा प्रोसेसर जोरात असताना 117 वॉटपर्यंत जातो. कार्ड 170 वॉट. बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून साठ-सत्तर धरा. बेरीज साडेतीनशेच्या आसपास. कार्ड बनवणारी कंपनी स्वतः 550 वॉटचा एसएमपीएस सांगते. म्हणजे लोड साठ-पासष्ट टक्क्यांवर राहतो. अंगावर काही येत नाही, पंखा शांत राहतो, आणि कार्डाने क्षणभर जास्त ओढलं तरी पुरतं.

“पण सातशेवाल्यावर पण 450 लिहिलंय ना,” मुलगा म्हणतो.

दुकानदार फळीवरून दोन पेट्या काढतो आणि काउंटरवर शेजारी शेजारी ठेवतो. मी दोन्ही उचलून बघतो. एक हलकी, पत्रा दाबला तर आत जातो. दुसरी हाताला जड लागते. हलकीवर मोठ्या अक्षरांत 450. दुकानदार तिची बाजू फिरवतो. बारीक अक्षरांचा तक्ता. ‘12 व्होल्ट’च्या खाली लिहिलंय 16 अँपिअर.

“बाराला सोळानं गुण.”

मुलगा तोंडीच करतो. 192.

प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड जगतात ते या 12 व्होल्टवर. दोघांची मागणीच 287 वॉट. बाकीचे वॉट या पेटीत 5 आणि 3.3 च्या खात्यावर दाखवलेत. तिथे आजच्या कॉम्प्युटरला फारसं काही लागत नाही. जड पेटीवर मोठा आकडा 550 आणि तक्त्यात 12 व्होल्टला 45 अँपिअर. गुणाकार 540. लिहिलेलं जवळजवळ सगळं कामाच्या जागी आहे. तक्त्याखाली भारतीय मानकाचं चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. दुकानदार तोही दाखवतो.

मध्येच फ्लेक्सवाल्याचा धीर सुटतो. बॅनर आजच द्यायचेत. कॅबिनेट काउंटरवर ठेवून तो सांगू लागतो. मोठी फाईल उघडली की मशीन आपोआप रिस्टार्ट होतं. रॅम बदलली. विंडोज दोनदा टाकलं. फरक नाही.

दुकानदार पडद्यामागे हाक मारतो. मीही आत डोकावतो. कारागीर मुलगा विशीचा असेल. टेबलावर मीटर, स्क्रू ड्रायव्हर, ब्लोअर, चहाचा अर्धा कप. तो कॅबिनेटची बाजू उघडतो, मशीन चालू करतो आणि मीटरची लाल सुई पिवळ्या वायरच्या पिनेत टेकवतो, काळी सुई काळ्या वायरला. 11.78. फ्लेक्सवाला त्याची फाईल उघडतो. पंखे जोरात फिरू लागतात. आकडा उतरतो. 11.52. 11.31. 11.19. स्क्रीन काळा पडतो आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

12 व्होल्टच्या लाईनला पाच टक्क्यांची सूट असते. खाली 11.40, वर 12.60. त्याबाहेर गेलं की बोर्ड हात वर करतो. कारागीर टेबलाखालचा चाचणीचा एसएमपीएस जोडतो. तीच फाईल. मीटर 12.08 वर उभा. फाईल उघडते, काम चालू राहतं. फ्लेक्सवाला दोन पावलं मागे सरकतो. त्याचे रॅमचे पैसे कुठे गेले, ते त्याला आता दिसतंय.

टेबलाच्या कडेला एक मेलेला एसएमपीएस उघडा पडलाय. रांजणीच्या चिकटपट्टीचा. मी जवळ वाकून बघतो. पंख्याच्या पात्यांवर धुळीचा थर कापडासारखा जमलाय. कोपऱ्यात वाळलेली पाल. दोन मोठे कपॅसिटर, दोघांवर 200 व्होल्ट लिहिलेलं. एकाचं डोकं फुगून फाटलंय. वीज आत येते त्या तोंडाशी बोर्डावर कॉईलचं चित्र छापलंय, पण कॉईल बसवलेली नाही. त्या जागी साधी तार टाकलीय. झटका अडवणाऱ्या निळ्या चकतीची जागा रिकामी. मागच्या बाजूला 115 आणि 230 चं लाल बटण. कोणाच्या बोटाने ते 115 वर सरकलं आणि 230 ची वीज दिली, की लगेच स्फोट.

“याचं काय झालं?” मी विचारतो.

“डीपीचा न्यूट्रल तुटला, सर. गावात टीव्ही, फ्रिज, सगळंच गेलं.”

थ्री फेजच्या डीपीवर न्यूट्रल तुटला, की घरात 230 च्या जागी 400 व्होल्टपर्यंत येऊ शकतात. त्यांचं टोक 560 च्या पुढे जातं. 200 चे दोन कपॅसिटर मिळून 400 सोसतात. इथे चांगला एसएमपीएससुद्धा मरतो. फरक पुढचा आहे. चांगला मरताना आपला फ्यूज उडवतो, आपली निळी चकती जाळून घेतो आणि मागच्या बोर्डापर्यंत घाण जाऊ देत नाही. रांजणीच्या मशीनचा बोर्ड आणि डिस्क दोन्ही गेलेत. सेवा केंद्राच्या ताई मागून बघतायत. मशीन त्यांच्याच ओळखीच्या केंद्राचं आहे. डिस्कमध्ये वर्षाची कागदपत्रं होती, त्या सांगतात.

तेवढ्यात लाईट जाते.

कुलर थांबतो. गल्लीभर एकच ‘अरे’ उठतो. काउंटरवरचं बिलाचं मशीन यूपीएसवर चालू आहे. आतल्या टेबलावरची दोन मशीनं घरगुती इन्व्हर्टरवर आहेत. त्यातलं एक चालू राहतं, एक बंद पडून पुन्हा उठतं. कारागीर लगेच दाखवतो. इन्व्हर्टर एकच, मशीनं दोन. वीज गेल्यापासून इन्व्हर्टरने ताबा घेईपर्यंत मध्ये काही मिलिसेकंद रिकामे जातात. चांगला एसएमपीएस आपल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये साठलेल्या विजेवर साधारण 16 मिलिसेकंद तग धरतो. हलक्यात तेवढा साठाच नसतो.

“तुमच्याकडं इन्व्हर्टर आहे का?” दुकानदार अंधारातच विचारतो.

“आहे.”

“मागं एक बटण असेल. नॉर्मल आणि यूपीएस. कुठं आहे ते?”

मुलाला माहीत नाही. बहुतेक घरांत ते नॉर्मलवर असतं. त्यात इन्व्हर्टर व्होल्टेजचे मोठे चढउतार चालवून घेतो, पण बदलायला वेळ जास्त लावतो. पंख्याला ते चालतं, कॉम्प्युटरला नाही. यूपीएसवर ठेवलं की बदल दहा-पंधरा मिलिसेकंदांत होतो. बटण फुकट आहे. फक्त सरकवायचंय.

“पण आमच्याकडं व्होल्टेज लई कमी येतं,” वडील म्हणतात. “वस्तीवर मोटारी सुरू झाल्या की बल्ब लाल होतो. यूपीएसवर ठेवला तर तो सारखा बॅटरीवर जाईल.”

प्रश्न नेमका आहे. नियमाने घरगुती पुरवठा 230 च्या सहा टक्के इकडे-तिकडे, म्हणजे 216 ते 244 मध्ये असायला हवा. शेतवस्तीवर तो 170-180 वर येतो, हे या दुकानातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दुकानदार जड पेटीवर टॉर्च मारतो. ‘इनपुट 100 ते 240.’ आत ॲक्टिव्ह पीएफसीचं सर्किट आहे. 170 आले तरी ते आपलं काम करतं. मागे लाल बटण नाही, कारण त्याची गरजच नाही. असा एसएमपीएस असेल तर कमी व्होल्टेजसाठी वेगळा स्टॅबिलायझर घ्यावा लागत नाही. तिथले पैसे वाचतात. इन्व्हर्टरचं बॅटरीवर जाणं मात्र त्याने थांबत नाही. आणि इन्व्हर्टर घेताना शुद्ध साईन वेव्हचा घ्यावा. चौकोनी लहरीवर असे एसएमपीएस कधी कधी कुरकुरतात.

लाईट येते. भिंतीवरच्या घड्याळात तापमान दिसतं. 39.

मुलगा पेटीवरच्या पितळी रंगाच्या शिक्क्याकडे बोट दाखवतो. ‘80 प्लस ब्रॉन्झ.’ हा शिक्का 2004 पासून आहे. भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती मशीनला मिळते आणि किती उष्णतेत जाते, एवढंच तो सांगतो. ब्रॉन्झला 115 व्होल्टच्या चाचणीत अर्ध्या लोडवर 85 टक्के मिळावे लागतात. मुलगा मोबाईलवर हिशेब करतो. मशीनला 350 वॉट द्यायला 85 टक्केवाला भिंतीतून 412 घेईल. सत्तर टक्केवाला 500. रोज आठ तास एडिटिंग केलं तर दिवसाला पाऊण युनिटच्या जवळ फरक, महिन्याला एकवीसच्या आसपास. तो वडिलांना आकडा दाखवतो.

दुकानदार एक गोष्ट जोडतो. ती चाचणी साधारण 23 अंशांत होते. जालन्याचा मे-जून 23 अंशांचा नाही. म्हणून शिक्क्याबरोबर आतले कपॅसिटर 105 अंशांचे आहेत की 85 चे, हे विचारायचं. कपॅसिटरभोवतीची उष्णता दहा अंशांनी उतरली की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. वॉरंटी बघायची. हलक्याला एक वर्ष, नाही तर तीही नाही. जड पेटीला पाच वर्षं. पाच वर्षांची जबाबदारी लिहून देणारा आत हलका माल घालत नाही.

“फरक किती पडंल?” वडील शेवटी विचारतात.

“तीन हजारांच्या वर.”

थोडा वेळ कोणी बोलत नाही. मागे ब्लोअरचा आवाज. मुलगा यादी उघडतो. रंगीत पंखे चार, ती ओळ तो पुसतो. काचेच्या कॅबिनेटच्या जागी जाळीचं साधं कॅबिनेट लिहितो. हवा खेळायला तेच बरं, दुकानदार म्हणतो. अजून थोडे कमी पडतात. वडील सदऱ्याच्या आतल्या खिशात हात घालतात.

पेटी फळीवर आहे, पण ती नमुन्याची. नवी छत्रपती संभाजीनगरहून येईल. 60 किलोमीटर, संध्याकाळच्या गाडीने पार्सल. बापलेक सरकीची पिशवी उचलतात आणि उद्या यायचं ठरवून निघतात. जाताना दुकानदार मुलाला एवढंच बजावतो: पेटीबरोबर येतील त्याच वायरी वापर. दुसऱ्या एसएमपीएसच्या सुट्या वायरी तोंडाला बसतात, पण आतल्या जोडण्या वेगळ्या असू शकतात. डिस्क जळते.

कारागिराला एका घरी जायचंय. मी त्याच्याबरोबर निघतो. गाडी कुंडलिकेच्या पुलावर येते. नदीचं पात्र कोरडं आहे. पलीकडे जुना जालना, अरुंद बोळ, उंच ओटे. एका घरात काकू दार उघडतात.

“अरे, नवीन पेटी बसवली तरी करंट मारतंय बघ. हात लावला की मुंग्या येतात.”

कारागीर चप्पल काढतो, पण लगेच पुन्हा घालतो. एक सुई कॅबिनेटच्या स्क्रूला, दुसरी मोरीतल्या लोखंडी नळाला. मीटर 108 दाखवतो. मग भिंतीतल्या बोर्डाकडे जातो. फेज आणि न्यूट्रलमध्ये 221. फेज आणि वरच्या मोठ्या भोकात आकडा ठरत नाही. 40, 63, 51. तो बोर्डाचं झाकण उघडतो. मोठ्या भोकामागे वायरच नाही. बोर्ड थ्री पिनचा, घर दोन वायरींचं.

चांगल्या एसएमपीएसच्या तोंडाशी गाळणीचे दोन लहान कपॅसिटर असतात. फेज आणि न्यूट्रलकडून पत्र्याला जोडलेले. त्यांच्यातून निसटणारा अगदी थोडा प्रवाह अर्थिंगमधून जमिनीत जायला हवा. वाट नसेल तर तो पत्र्यावर थांबतो आणि पत्रा निम्म्या व्होल्टेजवर, एकशेदहा-पंधरावर उभा राहतो. दोष पेटीचा नाही, घराचा आहे. आणि ज्या दिवशी आत खरोखर वायर सुटून पत्र्याला लागेल, त्या दिवशी मुंग्यांवर भागणार नाही.

“वायरमन बोलवा, काकू. खड्डा घ्या, पाईप, कोळसा, मीठ. तिथून तिसरी वायर बोर्डापर्यंत आणा. आणि उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी टाकत जा.”

“प्यायला पाणी विकत घेतो आम्ही. खड्ड्यात कुठलं टाकू?”

“भांडी धुतलेलं चालतं. रोज एक बादली.”

काकू मोरीकडे बघतात. मोरीच्या मागे अंगणाची पट्टी आहे. खड्डा तिथेच होईल, त्या ठरवतात. कारागीर भिंतीतली पिन काढून ठेवतो, अर्थिंग होईपर्यंत मशीन लावू नका म्हणतो. पश्चिमेला ढग चढलेत. वीज कडकडू लागली की पिन आणि इंटरनेटची वायर दोन्ही काढायच्या, हेही तो सांगून ठेवतो. आकाशातल्या विजेपुढे कुठलाच एसएमपीएस टिकत नाही.

घरी कॉम्प्युटर जोडणार असाल, तर वाचकहो, क्रम एवढा ठेवा. आधी वायरमनला बोलावून बोर्डाच्या तिसऱ्या भोकात खरं अर्थिंग आहे की नाही ते मीटरवर बघा. मग प्रोसेसर आणि कार्डाचे वॉट मांडून एसएमपीएस ठरवा. मोठ्या अक्षरातला आकडा सोडा, 12 व्होल्टसमोरचे अँपिअर वाचा. वॉरंटी पाच वर्षांची घ्या, बिल जपून ठेवा. उरलेल्या पैशांत बाकीची यादी बसवा. रॅम पुढच्या वर्षी वाढवता येते, कार्ड दिवाळीला बदलता येतं. जळालेली डिस्क आणि तिच्यातली कागदपत्रं मात्र परत येत नाहीत.